दाद मागण्याची वाट अडवू नका : आरहूस आणि एस्काझू करारांच्या सदस्य-राष्ट्रांना खुले पत्र

प्रति,
आरहूस करार आणि एस्काझू करार यांच्या सदस्य-राष्ट्रांचे प्रतिनिधी,

सादर नमस्कार.

मी तुमच्यापैकी कुठल्याही देशाची नागरिक नाही आणि तुमच्या बैठकांत मला मत नाही. तरीही लिहिते आहे, आणि त्याला आधार तुमच्याच कराराचा आहे. पर्यावरणाची माहिती, निर्णयांतला सहभाग आणि न्याय यांचे हक्क लोकांना देणारे हे दोन करार : आरहूस मुख्यतः युरोप आणि मध्य आशियातल्या देशांचा, एस्काझू लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनचा. आरहूस कराराचे तिसरे कलम सांगते की जनतेला दिलेले हक्क नागरिकत्व, राष्ट्रीयत्व किंवा वास्तव्य पाहून कमी-जास्त करता येत नाहीत. शिवाय हा करार संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही सदस्य देशाला खुला आहे, आणि २०२३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊने तुमच्या प्रदेशाबाहेरून त्यात प्रवेशही केला आहे. म्हणजे तुम्ही या कराराशी कसे वागता, हा फक्त तुमच्या घरचा प्रश्न राहिलेला नाही. नदी, जंगल आणि हवा यांच्याबद्दलच्या निर्णयात लोकांना कायद्याने जागा हवी असे ज्यांना ज्यांना वाटते, ते सगळे तुमच्याकडे पाहत आहेत.

आज जे दिसते त्याने काळजी वाटते. परवाने झटपट मिळावेत या घाईत तुमच्यातले अनेक देश लोकांच्या सहभागाला कात्री लावत आहेत. ही कात्री उघडपणे चालत नाही. कुठल्याही कायद्यात ‘सहभाग रद्द’ असे लिहिलेले नसते. लोकांनी कधी बोलायचे ती वेळ बदलली जाते, आणि ती वेळ बदलली की कोर्टात जाण्याचा रस्ता आपोआप आक्रसतो. या पत्रात मला मुख्यतः याबद्दल बोलायचे आहे. पण त्याआधी हा रस्ता तयार कसा झाला ते पुन्हा आठवून द्यावेसे वाटते, कारण तो सहजासहजी झालेला नाही.

१९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातले दहावे तत्त्व जेमतेम एका परिच्छेदाचे आहे. पर्यावरणाचे प्रश्न संबंधित नागरिकांच्या सहभागाने उत्तम हाताळले जातात. त्यासाठी माहिती मिळाली पाहिजे, निर्णयप्रक्रियेत भाग घेता आला पाहिजे आणि दाद मागता आली पाहिजे, एवढे ते म्हणते. जाहीरनामा कुणावर बंधनकारक नव्हता. २५ जून १९९८ रोजी डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात त्या परिच्छेदाचा बंधनकारक करार झाला आणि ३० ऑक्टोबर २००१ रोजी तो अमलात आला. कलमे ४ आणि ५ माहितीची, ६ ते ८ सहभागाची आणि ९ न्यायाचे. युरोपीय संघाने माहिती आणि सहभाग यांसाठी २००३ मध्ये दोन निर्देश (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचे नियम) काढले, २००५ मध्ये तो स्वतः करारात सामील झाला आणि २००६ मध्ये आपल्या स्वतःच्या संस्थांसाठी वेगळे नियमन केले. न्यायासाठीच्या तिसऱ्या निर्देशाचा प्रस्तावही २००३ मध्येच मांडला गेला होता. सदस्य देशांच्या विरोधामुळे तो अकरा वर्षे तसाच पडून राहिला आणि २०१४ मध्ये मागे घेतला गेला.

माहिती द्यायला सरकारे तयार झाली, लोकांचे ऐकून घ्यायलाही तयार झाली. ऐकले नाही तर लोकांनी आपल्याला कोर्टात उभे करावे, हे मात्र त्यांना पचले नाही. त्यामुळे कायदेमंडळांनी जे टाळले ते काम पर्यावरण संस्थांना आणि न्यायाधीशांना एकेक खटला लढवत करावे लागले. वर्गात हे निकाल शिकवताना मला दर वेळी जाणवते की आज ज्याला आपण युरोपचा पर्यावरण कायदा म्हणतो, त्याचा मोठा भाग या टाळाटाळीतून जन्माला आला आहे.

स्लोव्हाकियातल्या तपकिरी अस्वलांचे प्रकरण घ्या. संरक्षित प्राण्यांबाबत कायद्यातून सवलत देण्याच्या अर्जांवर प्रशासन निर्णय घेत होते आणि एका निसर्गसंस्थेला त्या कारवाईत पक्षकार व्हायचे होते. पूर्वी अशा संस्थांना तो दर्जा मिळत असे. २००७ च्या अखेरीस कायदा बदलला आणि त्यांना केवळ ‘सहभागी’ ठरवले गेले. सहभागी म्हणजे आपले म्हणणे मांडा आणि घरी जा. निर्णय चुकला तर अपील नाही. ८ मार्च २०११ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय न्यायालयाने, निकाल दिला. कलम ९ चा तिसरा परिच्छेद थेट लागू होत नाही, असे न्यायालयाने मान्य केले. पण पुढे सांगितले की राष्ट्रीय न्यायालयांनी आपले नियम शक्य तितके कराराच्या उद्दिष्टाशी जुळवून लावले पाहिजेत आणि संस्थेला दाद मागता आली पाहिजे.

दोनच महिन्यांनी, १२ मे २०११ रोजी, जर्मनीतल्या ल्यूनेन इथल्या कोळशावरच्या वीजप्रकल्पाचा निकाल आला. जर्मन कायद्याची धारणा अशी होती की कोर्टात यायचे तर व्यक्तीच्या हक्काचा भंग दाखवायला हवा. आता निसर्गसंरक्षणाचे नियम कुणा एका माणसाच्या हक्कासाठी नसतातच, ते सगळ्यांसाठी असतात. म्हणून त्यांचा भंग झाला तर तक्रार करणारा कुणीच उरत नव्हता. न्यायालयाने ही अट संस्थांना लावता येणार नाही असे ठरवले, आणि जर्मनीला आपला कायदा एकदा नव्हे, अनेकदा दुरुस्त करावा लागला. ऑस्ट्रियात एका स्की-केंद्राला कृत्रिम बर्फ पाडण्यासाठी पाणी उचलायचे होते. त्या परवान्याच्या कारवाईत एका पर्यावरण संस्थेला जागा नाकारली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या बाजूने कौल दिला, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाने पाणी, हवा आणि कचरा यांविषयीचे कायदे बदलणारा कायदा केला. त्या कायद्याच्या नावातच ‘आरहूस’ आहे. आंतरराष्ट्रीय करार प्रादेशिक कायद्याला आकार कसा देतो, हे यापेक्षा स्वच्छ दिसणे कठीण.

एका प्रकरणाजवळ मला थोडे थांबायचे आहे, कारण सहभागाच्या गोष्टी करताना पैशाचा विषय नेहमी मागे पडतो. इंग्लंडमधल्या रग्बी इथे एका सिमेंट कारखान्याला भट्टीत कापलेले टायर जाळायचे होते. स्थानिक रहिवाशांनी परवान्याला आव्हान दिले. अपील न्यायालयात सुनावणी चालू असतानाच मूळ अर्जदार मागे हटला आणि त्याच्या जागी एक महिला आली. तिथे हार झाली, तरी तिने प्रकरण पुढे न्यायचे ठरवले. खर्चावर मर्यादा घाला, ही तिची विनंती त्या वेळी सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळली. २००८ मध्ये ती हरली आणि दुसऱ्या बाजूच्या सरकारी वकिलांच्या खर्चाचे बिल तिच्यापुढे आले : ८८,१०० पौंड.

हा आकडा नीट पाहा. माणसाला माहिती मिळाली होती. बोलण्याची संधी मिळाली होती. कोर्टही मिळाले होते. कागदावर आरहूसची तिन्ही वचने पाळलेली दिसत होती. पण हरलो तर घर विकावे लागेल या भीतीने किती जण पुढच्या वेळी पायरी चढतील? कलम ९ च्या चौथ्या परिच्छेदात ही कार्यवाही ‘न परवडण्याइतकी महाग’ असू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. ११ एप्रिल २०१३ रोजी युरोपीय न्यायालयाने या प्रकरणात सांगितले की खर्च ठरवताना अर्जदाराची ऐपत तर पाहायचीच, शिवाय ती रक्कम मुळातच अवाजवी आहे का हेही तपासायचे. त्याच महिन्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये नियम आला की पर्यावरणाच्या अशा खटल्यात हरणाऱ्या व्यक्तीकडून ५,००० पौंडांपेक्षा आणि संस्थेकडून १०,००० पौंडांपेक्षा जास्त खर्च वसूल होणार नाही. चार वर्षांत, २०१७ मध्ये, ही मर्यादा वर-खाली करण्याची मुभा न्यायालयांना देऊन ती खात्रीही ढिली करण्यात आली. आपल्याला नेमका किती फटका बसेल हे आधी कळणे, हाच त्या नियमाचा जीव होता.

युरोपीय संघाने सदस्य देशांना जे शिकवले ते स्वतः शिकायला त्याने फार वेळ लावला, हेही बोलले पाहिजे. १९६३ च्या एका निकालापासून संघाच्या न्यायालयात जायचे तर निर्णयाचा परिणाम आपल्यावर ‘व्यक्तिशः’ झाला आहे असे दाखवावे लागत असे. जो निर्णय कोट्यवधी लोकांची हवा बिघडवतो तो कुणावरच व्यक्तिशः होत नाही. म्हणजे नुकसान जितके मोठे, तितकी दाद मागणे अशक्य. सदस्य करार पाळतात की नाही हे पाहणाऱ्या आरहूसच्या अनुपालन समितीने मार्च २०१७ मध्ये संघ करार पाळत नाही असा अंतिम निष्कर्ष दिला. त्याच वर्षी माँटेनेग्रोतल्या बुड्वा इथल्या बैठकीत संघाने तो निष्कर्ष मंजूर करण्यास विरोध केला आणि निर्णय पुढे ढकलला गेला. तोवर समितीचे असे निष्कर्ष मंजूर होत आले होते. जो सदस्य सगळ्यांत ताकदवान, त्यानेच ही परंपरा मोडली. २०२१ मध्ये संघाने नियमन सुधारले, निष्कर्ष मान्य केला, आणि एप्रिल २०२३ पासून पर्यावरण संस्थांबरोबर सामान्य लोकांनाही संघाच्या निर्णयांचा फेरविचार मागता येतो. आपल्या हक्काला इतरांहून वेगळी, थेट बाधा पोहोचल्याचे दाखवता येत नसेल तर त्यासाठी ४,००० सह्या हव्यात, किमान पाच सदस्य देशांतून, प्रत्येक देशातून किमान २५०. सुधारणा झाली हे खरेच आहे आणि तिचे स्वागत आहे. पण एखाद्या खोऱ्यातल्या पाच गावांनी या सह्या कुठून आणायच्या?

आता घाईबद्दल.

२०२३ मध्ये युरोपीय संघाने नवीकरणीय ऊर्जेचा निर्देश सुधारला. देशांनी ‘प्रवेगक क्षेत्रे’ ठरवायची, तिथल्या जमिनीवरच्या प्रकल्पांना साधारण बारा महिन्यांत परवाना द्यायचा, आणि त्या क्षेत्राच्या आराखड्याचे पर्यावरणीय मूल्यांकन आधीच झालेले असल्याने, चाळणी पार केलेल्या प्रकल्पांचे स्वतंत्र मूल्यांकन बहुधा करायचे नाही. २०२४ च्या महत्त्वाच्या कच्च्या मालाच्या नियमनात सामरिक म्हणून निवडलेल्या खाणप्रकल्पांसाठी २७ महिन्यांची आणि प्रक्रिया-प्रकल्पांसाठी १५ महिन्यांची मुदत आहे. हवामानबदल थांबवायचा तर पवनचक्क्या आणि सौरप्रकल्प वेगाने उभे राहिले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फायली वर्षानुवर्षे अडकून पडणे कुणाच्याच हिताचे नाही आणि ते थांबवायलाच हवे.

पण इथे काय घडते ते कराराच्या रचनेशी ताडून पाहा. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाबद्दल लोकांचा सहभाग कलम ६ मध्ये येतो. आराखडे आणि कार्यक्रम यांच्याबद्दलचा सहभाग कलम ७ मध्ये येतो. कलम ६ तपशीलवार आहे : नोटीस कशी द्यायची, कोणती कागदपत्रे खुली करायची, सगळे पर्याय खुले असताना सुरुवातीलाच सहभाग कसा घ्यायचा, निर्णयाची कारणे कशी द्यायची. कलम ७ हे त्यापुढे चार ओळींचे आहे आणि कलम ६ मधले मोजकेच परिच्छेद उसने घेते. आणि कोर्टात जाण्याची जी भक्कम तरतूद आहे, कलम ९ चा दुसरा परिच्छेद, ती कलम ६ ला जोडलेली आहे. कलम ७ च्या बाबतीत ती राष्ट्रीय कायद्याने दिली तरच. एरवी आराखड्याला आव्हान द्यायचे तर तिसऱ्या परिच्छेदाचा आधार, आणि त्यात देशांनी स्वतःचे निकष लावायची मोकळीक आहे.

म्हणजे सहभाग प्रकल्पाच्या टप्प्यावरून आराखड्याच्या टप्प्यावर नेला की तो भक्कम कलमाखालून निघून कमकुवत कलमाखाली जातो. लोकांचे ऐकले गेले असे म्हणता येते, आणि ऐकले गेले नाही तर कोर्टात जाणे मात्र पहिल्यापेक्षा अवघड होते. शिवाय आराखडा म्हणजे नकाशावर रंगवलेला पट्टा. त्या वेळी कुठला रस्ता रुंद होणार, कुठल्या ओढ्यावर मोरी येणार, कुठल्या घराच्या खिडकीसमोर काय उभे राहणार, हे कुणालाच माहीत नसते. हरकत घ्यायला जागा असते तेव्हा हरकतीचे कारण दिसत नाही. कारण दिसू लागते तेव्हा मुदत टळलेली असते. लोकांना आराखड्याच्या वेळी बोलवाच, ते योग्यच आहे. पण प्रकल्प ठरताना त्यांना पुन्हा बोलू द्या, आणि दोन्ही टप्प्यांवर कोर्टाची वाट सारखीच खुली ठेवा. वेळ वाचवायचा असेल तर प्रशासनाकडे माणसे वाढवा, कागदपत्रे पहिल्याच दिवशी सगळ्यांना खुली करा, न्यायालयांना पर्यावरणाच्या खटल्यांसाठी मुदती घालून द्या. दिरंगाईतला लोकांच्या हरकतींचा वाटा नेहमी फुगवून सांगितला जातो. अर्धवट अर्ज आणि रिकाम्या खुर्च्या यांच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

बेलारूसचे उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर ताजे आहे. ऑस्त्रोवेत्सच्या अणुवीज प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांचा छळ झाल्याचे अनुपालन समितीने नोंदवले. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने तक्रार करणारी संस्थाच बंद केली. त्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही बेलारूसचे विशेष हक्क निलंबित करण्याचा निर्णय घेतलात आणि एका वर्षात तो देश करारातून बाहेर पडला. त्याच बैठकीत पर्यावरणरक्षकांसाठी तातडीची यंत्रणा उभी करण्याचे ठरले, आणि २०२२ मध्ये तिचे विशेष प्रतिवेदक म्हणून मिशेल फोर्स्ट निवडले गेले. एक सदस्य गमावून तुम्ही तत्त्व राखलेत. तो कणा घरच्या कायद्यांबाबतही दाखवा.

लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या मित्रांनो, तुमचा करार वीस वर्षांनी धाकटा असला तरी काही बाबतींत थोरल्याच्या पुढे गेला आहे. ४ मार्च २०१८ रोजी कोस्टा रिकातल्या एस्काझू इथे तो संमत झाला आणि २२ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. वाटाघाटींच्या टेबलावर जनतेने निवडलेले प्रतिनिधी बसले होते. पर्यावरणासाठी लढणाऱ्यांच्या संरक्षणाचे कलम बंधनकारक करारात पहिल्यांदा तुम्ही आणलेत, आणि ज्या प्रदेशात हे लढणारे सर्वाधिक मारले जातात तिथेच आणलेत. बाधित लोकांची भाषा राजभाषेहून वेगळी असेल तर त्यांना समजेल आणि बोलता येईल अशी सोय करणे हे तुम्ही सरकारचे कर्तव्य ठरवलेत. नुकसान सिद्ध करण्याचा भार गरज पडल्यास उलट बाजूवर टाकण्याची वाट तुम्ही आठव्या कलमात मोकळी केलीत. नदीत काय सोडले गेले याचे पुरावे कारखान्याच्या कपाटात असतात, काठावरच्या माणसाकडे नसतात. हे ओळखून लिहिलेले ते कलम आहे. कराराला अपवाद नोंदवून सही करण्याची मुभाही तुम्ही ठेवली नाहीत.

एवढे करून ज्या देशाच्या गावाचे नाव कराराला आहे, त्या कोस्टा रिकाच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये मान्यतेचा प्रस्ताव निकालात काढला. चिलीने आधी सहीही नाकारली होती, आणि २०२२ मध्ये तो सामील झाला. कोलंबियाने बराच काळ रेंगाळून २०२४ मध्ये मान्यतेचे दस्तऐवज सादर केले. म्हणजे मत बदलते. कोस्टा रिकाच्या प्रतिनिधींना माझी मनापासून विनंती आहे की हा प्रस्ताव पुन्हा सभागृहात आणावा.

करार सहीच्या पलीकडेही काम करतो, हेही विसरू नका. तुर्कस्तानने आरहूसवर कधी सही केलेली नाही. तरी बर्गामाच्या सोन्याच्या खाणीविरुद्ध लढणाऱ्या रहिवाशांच्या प्रकरणात, २००४ मध्ये, स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने निकाल देताना आरहूसची दखल घेतली. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ज्येष्ठ महिलांच्या संघटनेने हवामानबदलाबाबत आपल्या सरकारविरुद्ध खटला जिंकला, तेव्हाही संघटनांना दाद मागू देण्याच्या प्रश्नावर न्यायालयाच्या विचारात हा करार होता. तुम्ही घरी जो अर्थ लावता तो असा दूरवर जातो. ढिला लावलात तर ढिलाही तितकाच दूर जाईल.

म्हणून युरोपीय संघाकडे स्पष्ट मागणी करते. २०१४ मध्ये मागे घेतलेला, कोर्टात दाद मागण्याच्या हक्काचा प्रस्ताव नव्याने लिहून मांडा. २०२० पासून तुम्ही वेगवेगळ्या कायद्यांत एकेक कलम घालण्याचा मार्ग धरला आहे. २०२४ च्या हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशात तसे कलम आले, ते चांगलेही आहे. पण अशा ठिगळांनी पाणी, माती, गोंगाट आणि निसर्ग यांतले कुठले ना कुठले भोक उरतेच, आणि प्रत्येक नव्या कायद्याच्या वेळी तीच झुंज पुन्हा द्यावी लागते. नव्या प्रस्तावात खर्चाची मर्यादा आकड्यात लिहा, आणि आराखड्यांना आव्हान देण्याचा हक्क प्रकल्पांइतकाच पक्का करा.

आशियात असा बंधनकारक करार आजही नाही. बाली इथे २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने दहाव्या तत्त्वाबद्दल मार्गदर्शक सूचना संमत केल्या, पण त्या ऐच्छिक आहेत. इथे कधीतरी मसुदा लिहायला लोक बसतील, तेव्हा तुमची कलमे समोर ठेवूनच बसतील. त्या वेळी ‘युरोपनेही घाईसाठी हे सोडून दिले’ असे म्हणायची सोय आमच्या सरकारांना मिळू देऊ नका.

आपली नम्र,
पर्यावरण कायद्याची एक शिक्षिका